भाऊसाहेबांचं अल्पमतातलं सरकार

आमच्या ह्यांनी, म्हणजे भाऊसाहेबांनी, ऑटावाच्या एका कॉलेजात जन्मभर नॉर्वेचं एक सरकार शिकवलं. १९२८ सालचं. अल्पमतातलं, तीन आठवडेसुद्धा टिकलं नाही. "अगं, अल्पमतात बसलेल्याने मनातलं पहिल्याच दिवशी बोलून टाकावं, उद्याचा काय भरवसा?" असं म्हणायचे. त्या सरकारनेही तेच केलं आणि बाकीचे पक्ष एक होऊन त्याच्या उरावर बसले. इतकं शिकवून माणूस शहाणा होईल की नाही? छे!

रिटायर होऊन आम्ही टोरांटोत, एटोबिकोला मुलीजवळ आलो. तिथल्या मराठी मंडळात दोन गट एकमेकांची डोकी फोडायला टपलेले, म्हणून कमिटीतल्या सातांपैकी तिघांच्या बळावर हे अध्यक्ष झाले. पहिल्याच सभेत जाहीर केलं, "गणपतीत राबणाऱ्या स्टुडंट्सनाही मताचा हक्क!" झालं. दोन्ही गट गळ्यात गळे घालून अविश्वासाचा ठराव घेऊन आले.

ठरावाच्या सभेत रिवाजाप्रमाणे समई लावली. ह्यांनी श्रावणीला बोलायला उभं केलं. नगरची पोरगी, कोणाच्या तरी बेसमेंटात भाड्याने राहून, कॉलेज सांभाळून वेअरहाऊसमध्ये काम करणारी, पीआरला, म्हणजे इथे कायमचं राहायच्या परवानगीला, अप्लाय केलेली. विरोधकांचा म्होरक्या राजन तिचा माईक हिसकावत ओरडला, "बेसमेंटातल्यांनी घरमालकाला शिकवू नये!" ती सोडेना. मेल्याने तिला असं ढकललं की ती टेबलावर तोंडघशी आपटली, ओठ फाटला. मग खुर्च्याच उडायला लागल्या. साठी उलटलेले इंजिनिअर एकमेकांच्या नरड्याला! कोणाचे दात पडले, कोणाचं नाक फुटलं. श्रावणीने जळती समई उचलली आणि राजनच्या डोक्यावर घालायला धावली. हे मध्ये गेले. पितळी टोक ह्यांच्या डाव्या डोळ्यात घुसलं. मी किंचाळले.

सगळे जागच्या जागी थिजले. कोणीतरी पोलिसांना फोन केला होता, बाहेर सायरन वाजला. ह्यांनी रक्ताळलेल्या हाताने राजनची कॉलर धरली. "पोरीवर केस झाली तर तिचं पीआर गेलं. मी राजीनामा देतो, मताचा हट्टही सोडतो. तू तोंड उघडू नकोस." राजनने दाराकडे पाहिलं आणि मान हलवली.

"आय स्लिप्ड. फेल ऑन द लॅम्प," हे पोलिसाला म्हणाले.

"येस, ही स्लिप्ड," राजन म्हणाला. बाकीच्यांना आपापल्या मारामारीची केस नको होती, त्यांनीही माना डोलावल्या.

पोलीस माझ्याकडे वळला. हिनेच मारलं, असं मला बोंबलून सांगायचं होतं. ह्यांनी माझं मनगट इतकं दाबलं की बांगडी फुटून काच आत गेली.

"स्लिप्ड," मी म्हणाले.

डोळा गेला. राजन अध्यक्ष झाला. स्टुडंट्स अजून गणपतीत भांडी घासतात, मत कोणालाच नाही.

परवा श्रावणीला पीआर मिळालं. पेढे घेऊन आली, ह्यांच्या पाया पडून ढसाढसा रडली. ह्यांनी तोंडभर आशीर्वाद दिला. मग ती स्वयंपाकघरात माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"काकू, मला माफ केलंत ना?"

"नाही," मी म्हटलं. "हात धू, पानं घेतेय."