बुडालेल्या जहाजाची पाळी

डोळ्यांच्या इस्पितळात पाळीसाठी भिंतीवर लाल आकड्यांचा बोर्ड लावायचं ज्यांच्या डोक्यात आलं, त्या मामाच्या नव्या साहेबांना मी अजून माफ केलेलं नाही.

माझा मामा तिथे बावीस वर्षं केसपेपरच्या खिडकीत बसतो. केसपेपर एकदा काढला की नंबर जन्मभराचा. पण चिठ्ठीवरचा नंबर धड दिसत असता, तर ही माणसं तिथे आलीच कशाला असती? एकदा १४५३ आणि १५४३ यांची अदलाबदल झाली आणि एकाचे थेंब दुसऱ्याच्या डोळ्यात जाता जाता राहिले. तेव्हापासून मामाने खेळच सुरू केला. नंबरासोबत त्या सालाची गोष्ट द्यायची.

"काका, तुमच्या साली तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल घेतलं. तोफा लक्षात ठेवा. आणि तुम्ही दुसरे काका, कोपर्निकस. पृथ्वी फिरते."

दोघं पुन्हा कधी चुकले नाहीत. उलट तोफावाले काका पृथ्वीवाल्यांना डिवचायचे, "तुमचं गरगरणं चालू द्या, आमचं काम एका बारात."

शाळा सुटली की मी तिथल्याच बाकावर मामाची वाट बघते, त्यामुळे साहेबांचा आवाजही मला तोंडपाठ आहे. नाकातून बोलतात आणि प्रत्येक वाक्याला शेपूट लावतात. "हे इस्पितळ आहे की इतिहासाचा तास, म्हणजे कसं आहे?" त्यांनी मामाला मेमो दिला: कामाच्या वेळेत असंबद्ध बडबड. शनिवारपर्यंत माफीनामा द्या, नाहीतर तळघरात जुन्या फायलींवर बदली.

असंबद्ध म्हणे. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मामा एवढंच म्हणाला, "चुकलो असतो तर लिहून दिलं असतं." आणि सोमवारी डबा घेऊन तळघरात गेला.

त्याच दिवशी बोर्ड सुरू झाला. मी पोचले तेव्हा बाकांवर चाळीस माणसं होती, निम्म्यांच्या डोळ्यांत बाहुल्या मोठ्या करायचं औषध. बोर्डावर १९१२. कोणी उठेना. आत डॉक्टर रिकामे. शेवटी साहेब स्वतः खिडकीत आले.

"एकोणीसशे बारा."

"मी बुडालेलं जहाज," एक आजी म्हणाल्या. "माझी पाळी आली का रे?"

"आजी, जहाज वगैरे नाही. नंबर सांगा, म्हणजे कसं आहे."

"नंबर तुझ्या त्या माणसाकडे असतो बाबा. माझ्याकडे जहाजच."

मागून कोणीतरी ओरडलं, "बॅस्टिलचा तुरुंग कधी फोडताय? सकाळपासून बसलोय."

"बर्लिनची भिंत पडली की मी," एक बाई म्हणाल्या.

"कुठली भिंत पडली?" साहेब दचकून छताकडे बघू लागले.

पाच मिनिटांत ते तळघरात उतरले, मागोमाग मी. "चला वर. त्या जहाजवाल्या आजी अडून बसल्यात. तुमचं ते चालू करा."

"मेमो मागे घ्या," मामा म्हणाला. "लेखी."

साहेबांनी उभ्याउभ्या खरडलं: रुग्णांच्या सोयीसाठी तूर्त परवानगी. तूर्त! बावीस वर्षं खिडकीत काढलेल्या माणसाला.

मामाने कागद माझ्या हातात दिला. "यात मेमोचं काही नाही. दुरुस्त करून आण, तोवर मी आजींना आत पाठवतो."

मी साहेबांसमोरून हलले नाही. त्यांनी तीनदा खोडलं आणि चौथ्यांदा 'मेमो रद्द' लिहून सही केली. 'चूक झाली' एवढे दोन शब्द मात्र त्यांच्या पेनातून काही केल्या उतरले नाहीत.