तेपाएरूची हाळी

तेपाएरूच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. का जाऊ नये? एरवी ती आपली टोप्या विणणार, शेजाऱ्यांच्या डुकरांना शिव्या घालणार. पण लांबून गलबत आलं की किनाऱ्यावरून पहिली हाळी तिच्याच घरातल्या बाईनं द्यायची. आधी समुद्रात बुडून मेलेल्यांना नावानिशी, रडून उतरवून घ्यायचं, मग जिवंतांना. आणि स्वागत समितीचा अध्यक्ष तुआकाना, तिच्याच बहिणीचा मुलगा, तिला शिकवत होता, "मावशी, यंदा रडारड नको. मंत्री येणार, कॅमेरे येणार. हसून 'या' म्हण नि मोकळी हो."

"आणि इओतेपाचं नाव?"

"किती वर्षं तेच? लोक कंटाळतात गं."

"लोक गेले खड्ड्यात! तुझा सख्खा मामा होता तो. खांद्यावर घेऊन फिरायचा तुला. त्याला तसाच पाण्यात ठेवू?"

"हट्ट करशील तर हॉटेलातली पोरगी गाईल."

हॉटेलातली पोरगी! गळ्यात प्लास्टिकची फुलं घालणारी! हाळी घरातून जाईल या भीतीनं म्हातारीनं राग गिळला नि मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी दोन होड्या जोडलेलं ते गलबत, ताऱ्यांच्या खुणांनी वाट काढत आलेलं, उथळ पाण्यात थांबलं. फळी टाकली गेली. तेपाएरूनं ठरल्याप्रमाणे हसत हाळी दिली. ढोल वाजले. गलबतावरचं कुणी हललं नाही.

"उतरा की! लाजता कसले?" तुआकाना माईकवरून ओरडला.

पुढे उभी असलेली कप्तान बाई तेपाएरूकडे टक लावून बघत होती. मागे सुकाणूपाशी कुणीच नव्हतं, दांड्याला नुसता एक सदरा बांधलेला होता. तो दिसला मात्र, तेपाएरूनं स्वतःच्याच थोबाडीत मारून घेतली.

"बंद करा ते ढोल, मेल्यांनो! यांचा माणूस गेलाय वाटेत, आणि मी यांना दात दाखवले! या गाढवाचं ऐकून!"

ती गुडघाभर पाण्यात शिरली. "इओतेपा, ये रे भावा, घरी ये!" तिनं टाहो फोडला. "आणि सुकाणूवरच्या बाळा, तुझं नाव मला ठाऊक नाही, पण तूही ये!"

"तामारुआ," कप्तान बाई रडत म्हणाली.

"तामारुआ, ये रे!"

तेव्हा कुठे खलाशी हलले. पण उतरले नाहीत. दोन्ही बाजूंना सरकून त्यांनी फळी मोकळी ठेवली आणि माना खाली घातल्या. फळीच्या टोकाशी तुआकाना मंत्र्यांचा हार घेऊन तसाच उभा होता.

"वाटेतून हो बाजूला," तेपाएरू खेकसली. "तुझा मामा येतोय."

तुआकाना बाजूला झाला.