जाळीपलीकडची विहीण

हसणार नसाल तरच सांगते. बरं, हसलात तरी सांगणारच! विहीणबाईंनी तिखटमीठ लावून गावभर केलंच आहे, त्यापेक्षा माझ्या तोंडून ऐका.

माझी मंगल अकोले तालुक्याच्या डोंगरात दिलीय. आम्ही पुणतांब्याचे, उसातली माणसं. लग्नात मी विहीणबाईंना मानाची साडी दिली, तर त्यांनी चार बायकांत ती उलगडून नाक मुरडलं. मी काय गप्प बसणारी? म्हटलं, "नको असंल तर ऱ्हाऊ द्या. बोहारणीला देते, पातेलं तरी यील!"

झालं! चार वर्षं अबोला.

औंदा मंगलला सातवा लागला. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं ना? पण विहीणबाईंचा निरोप आला, "आदी माफी, मग पोरगी."

माफी? अन् मी? अहो, सख्ख्या सासूला कधी मागितली नाही! पण लेकीपुढं काय करता? गेले.

दोन दिवस नुसता चहा ढोसला. शब्द घशाशी यायचा अन् परत खाली जायचा. तिसऱ्या दिवशी विहीणबाई म्हणाल्या, "चला, डोंगरावरनं करवंदं आणू. पर बोलत चला बरं का. रानात अस्वल फिरतंय. मानसाचा आवाज आला की लांब जातं."

"उसात बिबट्याच्या नाकासमोर खुरपलंय मी! अस्वलाची भीती कुणाला घालताय?"

"चढताना दम लागंल तुमास्नी."

"तुमचा दम तुमी सांभाळा!"

दम लागला. लागणारच की! पण सांगते कोण? वाटेत करवंदाची ही एवढी मोठी जाळी लागली. मी म्हटलं, "मी हिकडनं तोडते, तुमी तिकडनं तोडा."

जरा वेळानं पलीकडून पानं खसखसली. मग भुरके सुरू! फुर्रर्र, सुर्रर्र! पानांतून काळं दिसत होतं. विहीणबाईंचं लुगडंही काळंच. मनात म्हटलं, हीच वेळ आहे. तिचं तोंड मला दिसत नाही, माझं तिला नाही.

"विहीणबाई, त्या साडीचं... चुकलं माझं."

भुरके थांबले. "हुंऽऽ."

"आता हुं काय करता? बोहारणीचं नाव काढायला नको हुतं मी."

"हुंऽऽ!" या खेपेला जोरात.

"राग आला व्हय? येऊ द्या. पर माझ्या लेकीवर काढू नका. पाठवा तिला. हे बघा, हात जोडते."

अन् खरोखर जोडले हो! टोपलीतली करवंदं सगळी मातीत. पलीकडं काय? पुन्हा फुर्रर्र, सुर्रर्र!

माझं डोकंच फिरलं. "अवो, मी माफी मागतेय अन् तुमी भुरके मारताय? मानूस हाय का कोण?" असं म्हणून जाळीतून काठीनं चांगलं ढोसलं.

तेवढ्यात वरच्या वाटेवरून हाक आली, "विहीणबाई, कुनाशी भांडताय?"

विहीणबाई वर? मग हे...?

ते उभं राहिलं. दोन पायांवर! माझ्याहून हातभर उंच, तोंड करवंदांनी जांभळं, छातीवर पांढरा पट्टा. लोक म्हणतात मी किंचाळले. साफ खोटं! मी "हाड!" म्हटलं, कुत्र्याला म्हणतात तसं, खणखणीत. ते धडपडत खाली पळालं, अन् मी वर. मीही पळालेच म्हणा. गुडघ्यांनी साथ कशी दिली ते त्यांनाच विचारा.

भानावर आले तेव्हा दोन्ही हात विहीणबाईंच्या गळ्यात होते. त्या जरा दम घेऊन म्हणाल्या, "काय बोलत हुता त्याच्याशी?"

"माफी मागत हुते. तुमची."

"मग आता मागा की माझ्यापुढं."

"मागितली ती मागितली! दोनदा मागायची न्हाई मी. काय म्हनले ते त्यालाच इचारा जाऊन!"

विहीणबाईंनी खाली रानाकडं बघितलं, मग माझ्याकडं. अन् मला गळ्यात घेऊनच मटकन दगडावर बसल्या. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं बाईच्या.

"न्या बाई तुमची पोरगी! आजच न्या! पर आदी माझा गळा सोडा!"