मंडळाची निवडणूक आणि माझी कात्री

आमच्या मराठी मंडळात अध्यक्ष निवडून येत नसे, पकडला जात असे. वार्षिक सभेची जेवणं झाली की जुना अध्यक्ष उभा राहून म्हणायचा, "आता कुणीतरी घ्या बाबा," आणि नेमका त्या वेळी जो ताटली ठेवायला उठलेला असेल त्याच्या गळ्यात माळ पडायची. टाळ्या, फोटो, झालं. वेलिंग्टनमधली साठ-सत्तर मराठी कुटुंबं, जॉन्सनव्हिलचा भाड्याचा हॉल, गणपती, कोजागिरी, दिवाळी आणि रविवारचा मुलांचा मराठी वर्ग. एवढ्याशा संसाराला निवडणूक हवी कशाला?

पण २०१४ साल आलं. तिकडे भारतात निवडणूक, इकडे न्यूझीलंडची निवडणूक. आमच्या लोकांना प्रचाराची अशी काही चटक लागली की दोन्ही संपल्यावर घरोघरी सुतक पडल्यासारखं झालं. मग ती हौस मंडळावर उतरली आणि अध्यक्षपदासाठी चक्क दोन अर्ज आले.

एक अर्ज माझ्या मैत्रिणीचा. ती मूळची सोलापूरची, इथे हॉस्पिटलात नर्स. मी २०११ साली आले तेव्हा विमानतळावरून घरी पोचते न पोचते तोच ही बाई एका हातात आमटीचा डबा आणि दुसऱ्या हातात हीटर घेऊन दारात हजर. ओळख ना पाळख! "थंडी वाजून मरशील गं," म्हणाली, आणि आत येऊन प्लगही तिनेच लावला. गाडी चालवायला तिने शिकवलं, डॉक्टरांकडे तीच घेऊन गेली, मुलीच्या शाळेचा फॉर्मही तिच्याच अक्षरात. माझी आई फोनवर आधी तिची चौकशी करायची, मग माझी.

तिला अध्यक्ष व्हायचं होतं ते एकाच कारणासाठी. रविवारच्या वर्गात मुलांनी इंग्रजी शब्द काढला की शिक्षिका रागावत, कधी कधी बाहेर बसवत. तिची धाकटी एकदा तशी बाहेर बसली आणि पुन्हा वर्गाला जायला तयार होईना. "अशानं पाच वर्षांत एक पोर उरायचं नाही वर्गात," ती म्हणायची. "मला खुर्ची नको गं. मला तो वर्ग हवाय."

दुसरे उमेदवार आयटीतले मॅनेजर, पुण्याचे. गोड बोलणारे, इस्त्रीचा कुर्ता, प्रत्येकाच्या पाठीवर हात. वाईट माणूस नव्हता तो, हे आज कबूल करते. तेव्हा केलं नसतं. त्यांनी प्रचार केला तो मात्र वेलिंग्टनमध्ये नव्हे, कोथरूडमध्ये. त्यांचे वडील हास्यक्लबचे सेक्रेटरी. त्या क्लबात आमच्यापैकी निम्म्यांचे आईवडील रोज सकाळी हात वर करून हसत. बस्स, तिथे शब्द टाकला गेला. दर रविवारी इकडे फोन खणखणायचे. आमच्या सासूबाईंनी कधी आमच्या मंडळाचं नावसुद्धा विचारलं नव्हतं, त्या माझ्या नवऱ्याला म्हणाल्या, "अरे, नानांचा मुलगा उभा आहे ना तुमच्याकडे? घरचा माणूस आहे. बघ बाबा." आता जॉन्सनव्हिलच्या हॉलच्या किल्ल्या कुणाकडे असाव्यात हे कोथरूडच्या बागेत ठरावं, ही म्हणजे कमालच झाली!

आणि मतं तरी किती? एका कुटुंबाला एक. सभासदत्व कुटुंबाचं, म्हणून मतही कुटुंबाचं, आणि चिठ्ठी बहुतेक घरांत नवराच लिहायचा. भाज्या चिरायला बायका, चिठ्ठी लिहायला नवरे. हा नियम बदला, असं आमच्यापैकी एकीनेही कधी म्हटलं नव्हतं, मीही नाही.

आता माझ्याबद्दल. मी कम्युनिटी रेडिओवर दर रविवारी अकरा वाजता अर्ध्या तासाचा मराठी कार्यक्रम करायचे. फुकटची सेवा, पण मिजास केवढी! डेअरीत दूध आणायला गेले तरी कुणीतरी म्हणायचं, "ताई, आवाज काय लागला होता हो काल!" मला ते फार आवडायचं. साहजिकच मी जाहीर केलं की दोन्ही उमेदवारांच्या मुलाखती होतील, प्रत्येकाला सहा मिनिटं, अगदी तटस्थपणे. तटस्थ हा शब्द मी त्या महिन्यात इतक्यांदा वापरला की नवरा मला घरी तटस्थबाई म्हणायला लागला.

मैत्रिणीची मुलाखत मी तिच्या स्वयंपाकघरात रेकॉर्ड केली. ती वीस मिनिटं बोलली. वर्गाचा विषय आल्यावर म्हणाली, "मुलं इंग्रजीत उत्तर देतात. देऊ देत. त्यांना रागवायचं नाही." मग जरा थांबली आणि पुढे म्हणाली, "पण आपण एक शब्द इंग्रजी बोलायचा नाही. घरात नाही, वर्गात नाही. आग्रह धरायचा तो स्वतःशी. पोर आज नुसतं ऐकतंय, उद्या बोलेल. दार उघडं ठेवा म्हणजे झालं." माझ्या अंगावर काटा आला होता, खरंच सांगते. मी तिला म्हटलंसुद्धा, "झक्कास बोललीस."

मग घरी येऊन मी कात्री चालवली. विसाची सहा मिनिटं करायची होती. आणि काय कापलं मी? सुरुवातीला माझाच एक प्रश्न होता, दीड मिनिटाचा. त्यात मातृभाषा, परदेश, नाळ असलं सगळं होतं, रात्री दोनदा लिहून पाठ केलेलं. तो मी ठेवला. त्याला कात्री लावायचा माझा जीव होईना. तिचं उत्तर मात्र "रागवायचं नाही" इथे कापलं आणि खाली सतारीचा तुकडा लावला. ऐकायला गोड वाटलं. सहा मिनिटं बरोबर भरली. मला त्यात काही चुकल्यासारखं वाटलंच नाही, हे सगळ्यात वाईट.

रविवारी मुलाखत लागली आणि सोमवारी दुपारपर्यंत तेवढाच तुकडा मंडळाच्या ग्रुपवर आला. कुणीतरी रेडिओसमोर फोन धरून घेतलेला. वर मजकूर: "मराठी मंडळाच्या अध्यक्षा म्हणतात, मुलांना इंग्रजी बोलू द्या!" अजून अध्यक्षा झालीही नव्हती बिचारी. तिथून तो पुण्याला गेला, हास्यक्लबात फिरला आणि बुधवारी सासूबाईंच्या फोनवरून माझ्याच नवऱ्याच्या फोनवर परत आला. गुरुवारी तिकडच्या एका छोट्या वर्तमानपत्रात परदेशस्थ मराठी माणसांच्या सदरात चार ओळी छापून आल्या. नाव नव्हतं, पण "वेलिंग्टनमधील एक महिला उमेदवार" म्हटल्यावर नावाची गरज काय? तिचे वडील, अण्णा, सोलापुरात शाळामास्तर होते, मराठीचे. कात्रण त्यांच्यापर्यंत पोचवणारेही निघालेच. त्यांनी लेकीला फोन करून एवढंच विचारलं, "असं म्हणालीस तू?"

मला हे कळलं ते तिच्याकडून नाही, तिच्या नवऱ्याकडून. शुक्रवारी संध्याकाळी तिचा फोन आला तो माझ्याकडे राहिलेल्या इडलीपात्राबद्दल. शेवटी म्हणाली, "रविवारी आहे ना गं कार्यक्रम?"

"आहे की."

"बरं," म्हणाली आणि फोन ठेवला.

तिला काय हवंय ते मला कळलं नव्हतं असं नाही. माझ्याकडे पूर्ण वीस मिनिटं होती. नुसतं पुढचं उत्तर लावलं असतं आणि म्हटलं असतं की कात्री माझी होती, चूक माझी होती, तर मिटलं असतं. अर्ध्या मिनिटाचं काम.

पण दुसऱ्याच दिवशी, शनिवारी सकाळी मॅनेजरसाहेबांचा फोन आला. टीव्हीवरच्या एका मालिकेतली नटी, आपल्या सगळ्यांच्या आयांची लाडकी सून, त्यांच्या चुलतबहिणीची मैत्रीण होती. तिने वेलिंग्टनकरांसाठी खास शुभेच्छांचा व्हिडिओ पाठवला होता. आणि ते निवडून आले तर पाडव्याला ती स्वतः येणार होती. "मुलाखत अर्थातच तुम्ही घ्यायची ताई. तुमच्याशिवाय इथे आहे कोण?" असं म्हणाले.

तुम्हाला वाटेल मी घाबरले. घाबरले-बिबरले काही नाही. मी हुरळले. हुरळली मेंढी लागली लांडग्याच्या पाठी, दुसरं काय! मी त्या दुपारी आरशासमोर कुठली साडी नेसायची याचा विचारही केला. आणि मनाला काय समजावलं, तर पुन्हा तिचाच आवाज लावला तर पक्षपात होईल. तटस्थ ना मी!

रविवारी अकरा वाजता मी नटीचा आवाज लावला. "नमस्कार वेलिंग्टन! मराठी भाषा जपणाऱ्या आपल्या माणसाच्या पाठीशी उभे राहा." आधी मी म्हटलं, "ऐकू या एक गोड शुभेच्छा." मग दोन नाट्यगीतं, हवामान, हॉलवर येताना पार्किंग कुठे करायचं याची सूचना. अर्धा तास संपला.

पुढच्या आठवड्यात सभा झाली. चिठ्ठ्यांसाठी स्टीलचा पोह्यांचा डबा ठेवला होता. नवरा खिशातून पेन काढत होता, मी त्याच्या हातातली चिठ्ठी ओढली आणि मैत्रिणीचं नाव लिहिलं. तो म्हणाला, "आईला काय सांगू?" म्हटलं, "सांग बायको डोक्यावर बसलीय." त्या चिठ्ठीचा मला केवढा अभिमान वाटला होता! जगाला ऐकू जाईल असं एक वाक्य लावायची हिंमत झाली नाही, आणि डब्यात घडी घालून टाकलेल्या कागदावर मी पापमुक्त. ती दणकून हरली. तिने मॅनेजरांचं हात जोडून अभिनंदन केलं, नेहमीसारखी जिलब्यांची परात उचलली आणि सगळ्यांना वाढत सुटली. माझ्या ताटात दोन टाकल्या. मी वर बघितलं नाही.

नटी काही आली नाही. पाडवा गेला, गणपती गेला. पुढे ऑस्ट्रेलियातल्या एका ओळखीच्या बाईने मला त्यांच्या मंडळाचा व्हिडिओ पाठवला, तर तीच नटी, तीच साडी, तेच वाक्य, फक्त शहर वेगळं. हसावं की रडावं! वर्गाच्या दारावर "फक्त मराठीत बोला" असा फलक लागला. दोन वर्षांत मुलं गळत गेली आणि एका रविवारी शिक्षिका एकट्याच येऊन बसल्या. माझी मुलगी तर पहिल्या सहा महिन्यांतच म्हणाली, "आय हेट इट, मम." आज तिची आजी फोनवर आली की ती "हाय आजी" म्हणते आणि फोन माझ्या हातात देते.

मैत्रीण वर्षभरात टौरंगाला गेली. नवऱ्याला बंदरावर नोकरी लागली, असं कारण होतं, आणि ते खरंही होतं. भांडण आमचं झालंच नाही. झालं असतं तर बरं झालं असतं. वाढदिवसाला मेसेज, दिवाळीला मेसेज, "हीप्स ऑफ लव्ह" आणि फुलांचं चित्र. आमटीचा डबा घेऊन दारात आलेल्या बाईशी मी फुलांच्या चित्रांनी बोलत होते.

२०१९ साली आम्ही सुट्टीत तिकडे गेलो आणि मी नवऱ्याला म्हटलं, आज मला तिच्या दारात सोड आणि तू समुद्रावर जा. तिने दार उघडलं, "आलीस का गं!" म्हणून मिठी मारली. तिची धाकटी रबरी चपला, इथल्या भाषेत जँडल्स, फटफटवत आली आणि किवी हेलात का होईना, "मावशी, चहात साखर किती?" असं मराठीत विचारून गेली. चहा येईपर्यंतही मला धीर निघाला नाही. मी सगळं ओकले. वीस मिनिटं, दीड मिनिटाचा माझा प्रश्न, नटी, आरसा, साडी. म्हटलं, "मला शिव्या दे."

तिने ओट्यावरचं फडकं उचलून घडी घातली. मग म्हणाली, "कापलंस त्याचं काही नाही गं. कापताना होतं माणसाकडून. मी बोलतेही फार."

"मग?"

"त्या रविवारी मी शिफ्ट बदलून घेतली होती. अण्णांना सोलापुरात पहाटे साडेतीनला उठवून फोन रेडिओपाशी धरला होता. म्हटलं, ऐका आता, मैत्रीण पूर्ण लावणार आहे. ती नटी बोलली. अण्णा म्हणाले, हेच का? मी म्हटलं, थांबा, लागेल आता. तुझा अर्धा तास संपला. पुढे सामोअन लोकांचा कार्यक्रम असतो बघ, तोही आम्ही दोघं ऐकत बसलो. मला वाटलं, तुझ्याकडून राहिलं असेल, मागून लावशील."