बँडमास्तरांच्या पानाचा निकाल

मी निवृत्त झालो तेव्हा कचेरीने शाल दिली आणि पुढे एका ऑनलाइन ज्ञानकोशाने पानं वगळण्याचा अधिकार दिला. शाल कपाटात आहे. अधिकार मी रोज वापरतो. स्वयंघोषित महाकवी, हृदयसम्राट, युवा नेते यांची कितीतरी पानं मी जेवणाआधी पुसली आहेत. त्यानंतर भूक चांगली लागते.

गेल्या उन्हाळ्यात सोलापुरातल्याच शुक्रवार पेठेतल्या एका ब्रास बँडचं पान समोर आलं. लग्नात वाजवणारा बँड, चार परिच्छेद, संदर्भ एकही नाही. नियम साधा आहे: बँडशी संबंध नसलेल्या कुणीतरी त्याच्याबद्दल छापून लिहिलेलं असलं, तरच पान राहतं. मी सूचना लावली. सात दिवसांत पुरावे द्या, नाहीतर पान वगळू.

पाचव्या दिवशी उत्तर आलं. पान लिहिणारी बँडमास्तरांची सून होती, शाळेत शिक्षिका. 'पुरावे घरी आहेत. आपण सोलापूरचेच दिसता. येऊन पाहाल का?' असं कुणाच्या घरी जायचं नसतं. मी गेलो.

बँडमास्तर उशांना टेकून बसले होते. नाकाला ऑक्सिजनची नळी. क्लॅरिनेट भिंतीवर खोळीत होती आणि कोपऱ्यातलं यंत्र घरघरत होतं. त्याच्या वर आवाज चढवूनच बोलावं लागत होतं.

"या साहेब. तुमीच व्हय ते पुसणारे?"

मी हो म्हणालो. त्यांना राग आलेला दिसला नाही. सुनेने पलंगाखालून ट्रंक ओढली. ती लग्नपत्रिकांनी भरलेली होती. सुपारी घेताना नारळाबरोबर एक पत्रिका मागून घ्यायची, ही त्यांची आयुष्यभराची पद्धत. करमाळ्याच्या, वळसंगच्या, मराठी, कानडी, तेलुगू. मी तासभर चाळल्या. मामा, मावश्या, चिमुकल्यांचा किलबिलाट, एकीत तर मंडपवाल्याचंही नाव होतं. बँडचं कुठंच नव्हतं.

"छापलेलं हाय की सगळं," ते म्हणाले. "आनि घरचं न्हाय, लोकांचं हाय."

मी शेवटची पत्रिका खाली ठेवली. मग त्यांनी उशीखालून एक पिवळं कात्रण काढलं. एका पुढाऱ्याची मिरवणूक. पुढे टोपीतला क्लॅरिनेटवाला, गाल फुगलेले. खाली छापलं होतं: 'मिरवणुकीचे एक दृश्य.'

"ह्या पुढाऱ्याचं पान हाय का तुमच्याकडं?"

"आहे."

"मग त्येच्या म्होरं मीच वाजवलंय की."

"तुमच्याबद्दल लिहिलेलं हवं," मी म्हणालो. "बाहेरच्या माणसाने. पेपरात वगैरे."

"आनि आमच्यासारख्याबद्दल पेपरवाले कवा लिवत्यात?"

सून पत्रिका पुन्हा ट्रंकेत रचू लागली. म्हातारबांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि ते हसले. हसण्याचा खोकला झाला, आणि तो थांबेपर्यंत आम्ही दोघंही यंत्राच्या काट्याकडे बघत होतो.

"आलं ध्यानात," ते म्हणाले. "जरा थांबावं लागंल."

"मामा, काय पण बोलताय!"

"अगं, नियम हाय त्यांचा. साहेब, तवर ते पान कुटंतरी ठिवता का?"

ठेवता येतं. वगळलेलं पान नष्ट होत नाही. ते लोकांना दिसत नाही, मला दिसतं. बटण दाबलं की परत येतं. हे मी त्यांना समजावून सांगितलं, आणि सांगताना मला सांत्वन करत असल्यासारखं वाटलं. सातव्या दिवशी मी पान वगळलं.

आता मी सकाळी पेपरचं शहराचं पान आधी उघडतो. दुःखद निधनाच्या चौकटी सोडून देतो. त्या घरच्यांनी दिलेल्या असतात, चालत नाहीत. बातमी हवी. पेपर उशिरा आला की मला बरं वाटतं.

काल सुनेचा निरोप आला: 'मामा विचारताहेत, बातमीत बँडचं नाव यावं म्हणून पेपरात कुणाला सांगून ठेवायचं? ते स्वतःच मजकूर सांगताहेत, मी लिहून घेतेय.'

घरून गेलेला मजकूरही चालत नाही, हे मला त्यांना अजून कळवायचं आहे.