डब्यावरचा कागद

वहिनी बेळगावकडची, आणि तिला शेंगदाणा चालत नसे. चुकून पोटात गेला की ओठ सुजायचे, श्वास अडकायचा. आई म्हणायची, "बरां झालां आमच्या घरात इलंस. हंयसर नारळ नि मासळी, शेंगदाणे कोण विचारता?" गोव्यातल्या आमच्या कोरगावात ती खरंच निर्धास्त जेवायची.

गोवा राज्य झालं, त्याच दिवसांत ती बाळंत झाली. भाऊ डिचोलीला खाणीवर ट्रक चालवायचा. त्याने येताना म्हापशाहून तिच्यासाठी ताकदीच्या पावडरीचा डबा आणला. माझा डोळा मात्र पावडरीवर नव्हता, डब्यावर होता. घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा म्हणजे पावसाळ्याची सोय. त्यात सुकट सादळत नाही. मी पावडर बरणीत ओतली, गरम पाण्याने कागद खरवडला, डबा उन्हात वाळवला आणि सुकट भरूनही टाकली. वर स्वतःच्या हुशारीवर खूष.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळ्यांनी आग्रह करून वहिनीला दुधातून दोन चमचे दिले. थोड्याच वेळात तिचा गळा घरघरू लागला. शेजाऱ्यांच्या जीपमधून धारगळला डॉक्टरांकडे नेलं. इंजेक्शन देता देता त्यांनी विचारलं, "काय दिलंत हिला? डबा कुठाय?" बाळाला छातीशी धरून मी उभी. डब्यात सुकट भरलीय, हे सांगायला तोंड उघडेना.

वहिनी वाचली. डॉक्टरांनी नंतर पावडर चाखून शेंगदाण्याचं पीठ ओळखलं. भावाने म्हापशात तसलाच दुसरा डबा पाहिला. कागदावर जीवनसत्त्वं होती, लोह होतं, शेंगदाण्याचं नाव नव्हतं. तेव्हा ते छापायची सक्तीच नव्हती म्हणे. म्हणजे कागद राहिला असता तरी काही कळलं नसतं. सगळ्यांनी मला हे समजावलं, पण वहिनीच्या नजरेला नजर द्यायचं मी पुढे कितीतरी वर्षं टाळलं.

परवा म्हापशाच्या दुकानात असाच एक डबा दिसला. मागच्या बाजूला, मुंगीएवढ्या का होईना, पण ठळक अक्षरांत लिहिलं होतं, यात शेंगदाणा आहे. मी तो विकत घेतला आणि तडक वहिनीपुढे नेऊन ठेवला. आता तीही आजी झालीय. चष्मा लावून तिने ती ओळ दोनदा वाचली.

"वन्सं," ती म्हणाली, "त्या दिवशी मला दुधात शेंगदाण्याचा वास आला होता. पण तुम्ही सगळे इतक्या हौसेने बघत होता, नको म्हणवेना. हे असं छापलेलं असतं, तर मला बोलावं लागलं नसतं."