साहेबांच्या घोड्याचे दात

आमचं बिऱ्हाड बुलढाण्याच्या ढोरांच्या दवाखान्यामागेच. बाबा तिथे कंपाउंडर. मी फारशी बोलत नाही, म्हणून मोठी माणसं माझ्यादेखत काहीही बोलतात आणि वाट्टेल ते करतात. मग किस्से साचतात, त्याला मी काय करणार!

*

पूर्वी घोड्यांचे दातही नाल ठोकणाऱ्या नालबंदाच्याच हाती होते. घोडा खात नाही? तापल्या सळईने टाळू डागा! शेजारच्या तुकारामकाकांचा टांगा होता. त्यांची पांढरी घोडी चंद्री कडबा अर्धवट चावून गोळे खाली टाकू लागली. नालबंदाने तिला दोनदा डागलं. ती आणखीच वाळली.

"आता काय बे?" काकांनी विचारलं.

"मी काय करू? तुही घोडीच अडेल हाय!"

*

मग नागपूरहून नवे डॉक्टर आले, दात घासायची विलायती कानस घेऊन. पहिलाच घोडा ठाणेदाराचा. डॉक्टरांनी तोंडात हात घातला आणि किंचाळून मागे उडी मारली.

"चावला का, साहेब?" बाबा धावले.

"नाही हो! कॉलेजातल्या कवटीला जीभ नव्हती!"

*

एका देशमुखांनी बाजारातून "चार वर्षांचा" घोडा आणला. डॉक्टरांनी दात पाहिले. "हा अठराचा तरी आहे. तरुण दिसावा म्हणून व्यापाऱ्याने दात कोरून काळे केलेत."

देशमुखांनी नुसतं वळून पाहिलं.

"म्हणजे घोडा चारचाच हो," डॉक्टर घाईने म्हणाले, "दात तेवढे अंमळ वयस्कर आहेत!"

*

काकांनी चंद्रीला आणलं. डॉक्टरांनी लांबूनच सांगितलं, "दाढांना धार आलीय. गाल कापतोय. घासल्या की खाईल."

"मंग घासा ना, साहेब! हे मेली त टांग्याले काय मी सोताले जुंपू?"

"टांग्याच्या जनावरावर विलायती कानस? झिजेल ना ती!"

काका चंद्रीला घेऊन परत गेले. तिच्या बरगड्या मला शाळेत जाताना मोजता येत.

*

अमरावतीहून तपासणीला मोठे साहेब आले, पांढऱ्या घोड्यावरून. दाराला आंब्याच्या पानांची आणि झेंडूची कमान होती. साहेब आत चहाला बसले. "तेवढ्यात साहेबांच्या घोड्याचे दात घासून ठेवू," डॉक्टर म्हणाले आणि कानस आणायला गेले.

चंद्रीला घेऊन आलेल्या काकांनी साहेबांचा घोडा सांभाळणाऱ्या मोतद्दाराच्या कानात काहीतरी सांगितलं. तो हसला. साहेबांचा घोडा चिंचेच्या झाडामागे गेला आणि त्याचं खोगीर चंद्रीच्या पाठीवर आलं.

डॉक्टर परतले. खोगिराला त्यांनी जवळजवळ नमस्कारच केला. "काय सडपातळ बांधा! उंची जात!"

चंद्रीला रोज पाहणाऱ्या बाबांनी निमूटपणे तिची जीभ धरली. डॉक्टरांनी घामाघूम होऊन एकेक दाढ घासली. सोडल्याबरोबर चंद्रीने कमानीचा झेंडू ओढला आणि चावून गिळला. एकही पाकळी खाली पडली नाही. काकांनी तोंड फिरवून डोळे पुसले.

बाबांनी रजिस्टर उघडून डॉक्टरांना विचारलं, "साहेब, नर लिहू का मादी?"

"अहो, साहेबांचा घोडा मादी कसा असेल? नर लिहा, नर!"